कोरडी जाळी

अक्कांचा विषय निघाला की मी इतकी वर्षं चष्मा पुसायला घेत आलो. आता वयामुळे पुसणंही धड जमत नाही. तेव्हा सांगूनच टाकतो.

अक्का कुठलीही वस्तू कोरडी तपासत नसत. नवी छत्रीसुद्धा आधी नळाखाली धरत. नव्वदच्या दशकात मल्लेश्वरममधल्या एका छोट्या प्रयोगशाळेत आम्ही दोघं संशोधक होतो. गुडघ्यातला अस्थिबंध हाडापासून सुटला तर तिथे बसवायची जाळी आम्ही बनवत होतो. तिच्यावर पेशी वाढाव्यात आणि तुटलेला जोड पुन्हा धरावा. जाळीचं एक टोक मऊ, दुसरं हाडासारखं कडक, ही कल्पना अक्कांची. "मऊ आणि कडक एकदम भेटले की भांडतात ओ अण्णा," त्या बेळगावी हेल काढून म्हणत. "मध्ये हळूहळू घट्ट होत जाणारं कायतरी पाहिजे की. सासू आणि माझ्यामध्ये आमचे हे होते तसं."

प्रत्येक जाळी रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजवायची, मगच यंत्रात ताणायची, हा त्यांचा नेम. मी कुरकुरलो की म्हणत, "शरीर आतनं कोरडं असतंय काय? स्वल्प थांबा."

एकदा त्या बहिणीच्या बाळंतपणाला गावी गेल्या. संचालकांना निकालाची घाई होती. मी जाळ्या कोरड्याच ताणल्या. एकीचाही थर सुटला नाही. शेळीवर शस्त्रक्रिया ठरली.

परत आल्यावर अक्कांनी विचारलं, "भिजवल्या होत्या ना?"

"हो तर."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. माझ्यावर त्यांचा तेवढा विश्वास होता.

शेळीच्या गुडघ्यात जाळीच्या कडक टोकाचा थर ओला झाला आणि पापुद्र्यासारखा निघाला. बैठकीत संचालकांनी कारण विचारलं. मी म्हणालो, "मूळ कल्पनाच कच्ची असावी." अक्का शेजारीच बसल्या होत्या.

बाहेर व्हरांड्यात त्या म्हणाल्या, "उरलेल्या जाळ्या काल मी भिजवून बघितल्या, अण्णा. सगळ्या सुटल्या. आत बोलले नाही. वाटलं, तुम्हीच सांगाल."

काम बंद पडलं. अक्का बेळगावला जाऊन शाळेत शिकवू लागल्या. मी बढती घेतली.

गेल्या वर्षी माफीचं वाक्य पाठ करून त्यांच्या घरी गेलो. अक्कांनी चहा आणि टोस्ट पुढे ठेवला. "भिजवून खावा. दात कुठं राहिलेत आपले?" म्हणाल्या आणि हसल्या. मग माझ्याकडे बघत थांबल्या. "काय काम काढलात, अण्णा?"

"काही नाही," मी म्हणालो. "इकडे एका लग्नाला आलो होतो."