सहा नंबरची खानावळ

निवास गेल्याचं मला त्याच ग्रुपवर कळलं, ज्या ग्रुपातून तो दोन वर्षांपूर्वी बाहेर पडला होता. सकाळचा चहा हातात होता. कुणीतरी त्याचा टाय घातलेला जुना फोटो टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘आपले निवासभाऊ आज गेले. कराडला हार्ट अटॅक.’ मग हात जोडणाऱ्यांची रांग लागली. ‘सांगलीला जेवायला भाऊंनी शिकवलं’, ‘असा दर्दी पुन्हा होणे नाही’, वगैरे वगैरे. एकानं तर सुचवलं, की येत्या रविवारी आपण सगळे भाऊंच्या आवडत्या खानावळीत जेवू, तीच खरी श्रद्धांजली. मग ती खानावळ नेमकी कोणती यावर दुपारपर्यंत काथ्याकूट चालला. खरं नाव एकानंही लिहिलं नाही. ग्रुपचा ॲडमिन मी. मीही लिहिलं नाही. सगळ्यांसारखे हात जोडले आणि चहा गार झाला म्हणून सुनेवर उगाच ओरडलो.

निवास औषध कंपनीचा एमआर. म्हणजे बॅग घेऊन दवाखान्यांतून फिरणारा आणि डॉक्टरांच्या दाराशी तास तास बसणारा. आमची ओळख मिरजेच्या एका मोठ्या दवाखान्यात झाली. मी तेव्हा म्हसवडच्या शाळेत मराठी शिकवत होतो आणि वडिलांना ऑपरेशनसाठी घेऊन आलो होतो. त्यांना आत नेऊन तीन तास झाले होते, आणि मी भिंतीला टेकून उभा होतो. पलीकडच्या बाकावरचा हा टायवाला उठला, माझ्या खिशातल्या लाल पेनाकडं बघितलं आणि म्हणाला, “मास्तर, जेवलासा का?” मी म्हणालो, भूक नाही. “भूक हाय. पण बाप आत आन् आपण जेवायला जायचं, ह्याची लाज वाटायलीय. वाटू द्या. ह्या गेटातनं डाव्या बोळात जावा. पाटी न्हाई, निळं दार हाय. भाकरी मागा, चपाती मागू नका. आन् ताक मागून घ्या, ती माणसं आपणहून देत न्हाईत.” मी गेलो. निळं दार होतं. ताक मागितल्यावरच मिळालं. त्या दिवशी मी जेवताना रडलो, हे मी घरी कुणाला सांगितलेलं नाही.

पुढं माझी बदली सांगलीला झाली आणि मग आमची जोडी जमली. माझ्याहून तो दहा वर्षांनी लहान, पण खाण्याच्या बाबतीत मी त्याचा विद्यार्थी. बाप कोयनेच्या धरणावर फिटर, त्यामुळं हा कोयनानगरच्या कॉलनीत वाढलेला. भूकंपाच्या गावातला माणूस, म्हणून कुठल्याही हॉटेलात दाराजवळच्या टेबलाशीच बसायचा. ते टेबल रिकामं नसेल तर उभा राहायचा, पण आत जायचा नाही. एखादं ठिकाण लोकांना सांगायचं तर त्याआधी तीन वेळा तिथं जेवायचं, हा त्याचा नेम. त्यातलं एक जेवण बाजाराच्या दिवशी, गर्दीत. मालकानं ओळखून ताट फुकट देऊ केलं, की ते ठिकाण बाद. आणि मुख्य परीक्षा दुसऱ्या वाटीची. “पयली वाटी सगळीच हसून वाढत्यात मास्तर. दुसऱ्यांदा आमटी मागा आन् वाढणाऱ्याच्या तोंडाकडं बघा.” तो खरंच बघत बसायचा. समोरचा बिचारा ओशाळायचा. विट्याला एका मालकाला त्यानं भर गर्दीत सांगितलं होतं, “तुमचं मटण झ्याक हाय, पर तुमची नजर कोती हाय.” आम्हाला तिथून अर्ध्या जेवणावर उठावं लागलं. माणूस गोड अजिबात नव्हता. आता गेला म्हणून मी त्याला साखरेत घोळवणार नाही.

मग मोबाइल आले आणि ‘जेवलासा का?’ हा ग्रुप निघाला. नाव त्याचं, खटाटोप माझा. वसंतदादांच्या काळातली नव्हे, आजची सांगली हो… कोर्टकचेरीला, हळदीच्या सौद्याला, दवाखान्याला चहूकडून माणसं येतात आणि स्टँडसमोरच्या पहिल्या झगमगाटात शिरून पस्तावतात. अशा माणसांना निवास ठिकाणं सांगायचा. मालकाचं नाव तो कधी लिहीत नसे, फक्त वाट आणि काय मागायचं ते. ‘फाटकाच्या अलीकडं, सायकलच्या दुकानाला लागून, मंगळवारी जाऊ नये.’ मी शुद्धलेखन सुधारून त्याची यादी करायचो आणि दर एक तारखेला ग्रुपवर टाकायचो. निवृत्त मास्तरला दुसरं काय काम! लोक मला रस्त्यात थांबवून म्हणायचे, सर, तुमच्या यादीतलं चौथं ठिकाण लय भारी. ‘तुमची यादी’ म्हणायचे. मी दुरुस्त करत नसे.

यादीतला सहा नंबर एका बाईंचा होता. पत्र्याची शेड, चार बाकं. बाईंचा नवरा सैन्यातून सुभेदार होऊन परतला आणि दोन वर्षांत वारला. नुसत्या पेन्शनवर बसून राहणं बाईंना जमलं नाही, म्हणून त्यांनी चूल मांडली. त्यांच्यासारखा अख्खा मसूर मी इस्लामपुरातही खाल्लेला नाही. भाजलेल्या कांद्याबरोबर त्या त्यात चिमूटभर कारळ्याचं कूट घालायच्या. निवास मला घेऊन गेला तेव्हा मी दोनदा आमटी मागितली आणि बाई म्हणाल्या, “आवं सर, लाजता कशापायी, पातेलं हितंच ठेवते.” निवासनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मसूर त्यानंच शिजवला होता. समोरच्या भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो होता, ताजा हार घातलेला. तो मी पहिल्याच दिवशी पाहिला होता आणि मला खटकला नव्हता. उलट, आपण इथं बसून चवीनं जेवतोय याचं मला मनातून थोडं कौतुकच वाटलं होतं. त्या कौतुकाची आज किळस येते.

ग्रुपातली माणसं सहा नंबरला जाऊ लागली आणि वाहवा करू लागली. दोन महिने दुपारी शेडबाहेर मोटरसायकली लागलेल्या असत. मग एका उत्साही मेंबरनं आपल्या ताटाचा फोटो टाकला. ताटामागं भिंत आली. भिंतीवर फोटो आले. एरवी मसुराच्या फोटोवर पन्नास जिभा चाटल्या जातात, त्या दिवशी ग्रुप तासभर गप्प. मग एकानं लिहिलं, ‘बरं बरं. असं हाय व्हय.’ दुसऱ्यानं, ‘सांगलीत दुसरी ठिकाणं कमी पडली का?’ एका पोरगेल्या मेंबरनं विचारलं, ‘पण जेवणात वाईट काय होतं?’ त्याला कुणी उत्तर दिलं नाही. मला मात्र वेगळे, खासगी मेसेज येऊ लागले. ‘सर, यादीचं जरा बघा. घरच्या बायका विचारतात.’ दोन-दोन वाट्या ओरपलेली माणसं होती ही! ताकाला जाऊन भांडं लपवणारी जात आपली… मी त्यांना खडसावायला हवं होतं. चाळीस वर्षं वर्गात समतेवर निबंध लिहून घेतलेला मास्तर मी. एक तारीख आली. मी यादी उघडली, सहा नंबर काढला आणि सातवा वर सरकवला. वाद नको म्हणून. कुणाला कळणारही नाही, असं वाटलं होतं मला.

पाच मिनिटांत निवासचा फोन आला.

“मास्तर, सहा नंबर कुठं गेला?”

“अरे, ग्रुपवर उगाच वाद नको म्हणून…”

“वाद कोण घालत हुतं? बाईनं घातला? म्या घातला?”

“चार दिवसांनी परत घालू. वातावरण निवळू दे.”

“तुमी तिथं जेवलाय न्हवं? पोट भरून जेवलाय का न्हाई, तेवढं सांगा.”

“जेवलोय.”

“मग खाल्ल्या मिठाला तरी जागायचं हुतं, मास्तर.”

त्यानं फोन ठेवला. स्क्रीनवर बारीक अक्षरांत आलं, की निवास ग्रुपमधून बाहेर पडले. मी स्वतःची समजूत घातली, की आहेच तो तिरसट, येईल परत. तो आला नाही. चार दिवसांनी मी सहा नंबर परत घातला नाही. मोटरसायकली कमी होत गेल्या. महिन्याचे जेवणारेही एकेक करून सुटले. पावसाळ्याच्या तोंडाला शेडला कुलूप लागलं, ते मी स्कूटरवरून जाताना बघितलं आणि त्या दिवसापासून बाजाराला दुसऱ्या रस्त्यानं जाऊ लागलो. निवास मला एकदा भाजी मंडईत दिसला. त्यानं बघितलं, मान हलवली आणि पुढं गेला. मी हाक मारली असती तर थांबला असता. दोन वर्षं तो माझ्या घरापासून दहा मिनिटांवर राहत होता.

दिवसकार्य झाल्यावर मी त्याच्या घरी गेलो. त्याची बायको सुमनवहिनी दारातच गहू निवडत बसल्या होत्या. मी सांत्वनाचं काहीतरी पुटपुटलो. त्या म्हणाल्या, “जगाला सांगत फिरले कुठं जेवायचं, काय मागायचं. माज्या हातचं बरं झालंय म्हणून तीस वर्सांत एकदा बोलले न्हाईत बगा.” गहू निवडणं थांबलं नाही. मग जरा वेळानं, “तुमच्यावर लय राग हुता त्येंचा. तुमी यायचासा म्हणून वाट बी बगायचे.” मी विचारलं, त्या बाई आता कुठं असतात? वहिनींनी पहिल्यांदा वर बघितलं. “आलत्या की दिवसाला. लोकं बगून बाहेरनंच गेल्या. आता एका हॉटेलात मागं भटारखान्यात हायत. ह्येंनीच लावून दिलं काम.” त्यांनी हॉटेलाचं नाव सांगितलं. ते नाव माझ्या यादीत एक नंबरला होतं, मेंबरांच्या वाहवेवरून मीच न जेवता घातलेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिथं गेलो. गल्ल्यामागं देवादिकांचे फोटो, दारावर ‘घरगुती चव’. मसूर मागवला. पहिल्या घासाला कारळं लागलं. याच मसुराला ग्रुपवर वर्षभर शाबासक्या पडत होत्या. ‘आपल्या माणसांच्या हातची चव’ असं लिहिणारा गृहस्थ तोच, ज्यानं भिंत बघून ‘असं हाय व्हय’ लिहिलं होतं. मला हसूही आलं आणि ते आलं याचा रागही आला. हात धुवायच्या निमित्तानं मागं गेलो. बाई भाकरी थापत होत्या. त्यांनी लगेच ओळखलं. “सर, तुमी व्हय. निवासदादा गेलं…” एवढंच बोलून तव्याकडं वळल्या. मी बोलायला लागलो आणि माझं बोलणं थांबेना. माझं चुकलं बाई, मी भ्यालो, आता ग्रुपवर सगळं लिहितो, हा मसूर कुणाच्या हातचा आहे ते नावानिशी लिहितो, बघू कोण काय म्हणतं! बाईंनी भाकरी उलटली, हात पुसले आणि आत कुणी येत नाही ना ते आधी बघितलं.

“नगा लिवू, सर.”

“का? आता कशाला घाबरायचं?”

“तुमाला न्हाई घाबरायचं. मालकाला म्हाईत हाय, गिऱ्हाइकाला न्हाई. आदी यादीतनं माजं नाव काढलासा, खानावळ गेली. आता नाव घातलासा, तर ही चूल बी जाईल. लेकीचं शिक्षान ऱ्हायलंय अजून. तुमी आपलं गप बसा. जमतंय की तुमाला.”

त्या टोचून बोलल्या नाहीत. खरोखर विनंतीच केली. लिहिणार नाही, असा शब्द देऊन मी बाहेर आलो. गल्ल्यावरच्या मालकानं ओळखून विचारलं, “काय सर, कसा हुता मसूर? ग्रुपवर चार वळी लिवा की.” लिहितो म्हणालो. महिना झाला, लिहिलेल्या नाहीत. एक तारखेची यादी मी बंद केली आहे. लोक विचारतात, तब्येत बरी नाही का?

हा लेख लिहितानाही मी बाईंना दिलेला शब्द पाळला आहे. शेड, पदार्थ, खुणा, हॉटेलाची पाटी, सगळं बदललं आहे. मसुराच्या जागी दुसरंच काही होतं आणि त्यात कारळंही नव्हतं. निवाससारख्या माणसाच्या आठवणीत मी वाचकांना मुद्दाम चुकीचा पत्ता देतो आहे. त्याला हे चाललं असतं का? मला वाटतं, या एका वेळेला चाललं असतं. नक्की माहीत नाही. विचारायला तो नाही, आणि होता तेव्हा मी दोन वर्षं त्याला फोन केला नाही.