हंबल व्यंकोजी

आधी नको म्हणायचं आणि मग घ्यायचं, ही व्यंकोजींच्या घराण्याची रीत त्यांचे पूर्वज घोड्यावरून बंगळुरात आले तेव्हापासूनची असावी. पोळी वाढायला आली की ताटावर हात आडवा धरायचा, वाढणाऱ्यानं आग्रह करायचा, मग "बरं, स्वल्प" म्हणत दोन घ्यायच्या. पहिल्या विचारण्यालाच हो म्हणेल तो हावरट! चिकपेटातल्या साड्यांच्या दुकानाचे थोरले मालक सत्यनारायणशेठ ही रीत ओळखून होते. पगारवाढसुद्धा ते पुन्हा पुन्हा विचारून व्यंकोजींच्या गळ्यात घालत.

शेठ वारले. मुलगा प्रवीणकुमार गादीवर बसला आणि त्यानं बनशंकरीला नवी शाखा काढायला घेतली. व्यंकोजींचं घर तिथून दोन गल्ल्यांवर. घरी जमनाबाई दिवसभर एकट्या, आणि काचबिंदूनं त्यांची नजर इतकी गेलेली की परवाच शेगडीवर हात भाजून घेतला होता. शाखा मिळाली तर दुपारी घरी जाऊन बायकोला स्वतः जेवायला वाढता येईल, एवढंच व्यंकोजींना हवं होतं. दुसरं काही त्यांनी देवाकडेही मागितलं नव्हतं.

प्रवीणनं विचारलंही. "अंकल, बनशंकरी तुम्ही बघता का?"

"छे, मी कशाला? कुणी तरुण बघा," व्यंकोजी म्हणाले आणि आग्रहाची वाट बघत उभे राहिले.

आग्रह झालाच नाही. "यू आर सो हंबल, अंकल!" म्हणत प्रवीणनं त्यांचे हात हातात घेतले आणि शाखा किरणकुमार नावाच्या नव्या विक्रेत्याला दिली.

संध्याकाळी व्यंकोजींनी कामावरून आलेल्या मुलीला विचारलं, "संयोगिता, हंबल म्हणजे नेमकं काय गं?"

"नम्र, अप्पा. घराला हंबल म्हटलं तर साधंसुधं, लहानसं. कामाला म्हटलं तर हलकं. आणि कुणी 'माझं हंबल मत' असं म्हणाला तर खुशाल समजायचं, हा कुणाचं ऐकणार नाही."

"आणि मालकानं नोकराला म्हटलं तर?"

"मग कौतुकच की!"

कसलं कौतुक! त्या शब्दानं म्हाताऱ्याला पुरता जखडला. रविवारी दुकान कोण उघडेल? हंबल अंकल. चिडलेल्या गिऱ्हाइकाची बोलणी कोण खाईल? हंबल अंकल. दिवाळीत सगळ्यांचे पगार वाढले, यांचा राहिला, कारण अंकल कुठं काही मागतात? एकदा मनाचा हिय्या करून ते केबिनच्या दाराशी गेले. आत एकजण बदली मागत होता आणि प्रवीण त्याला सुनावत होता, "व्यंकोजी अंकलना बघ जरा. कधी तोंड उघडलंय त्यांनी?" व्यंकोजी आल्या पावली परतले. स्वतःचा त्यांना मनस्वी राग आला, आणि तोही त्यांनी गिळला.

शाखेच्या उद्घाटनाला वरच्या मजल्यावर समारंभ होता. व्यंकोजींना शाल घातली गेली. प्रवीण माईकवर म्हणाला, "ही जागा मी पहिल्यांदा अंकलनाच देत होतो. त्यांनी हसत नाकारली!" टाळ्या पडल्या.

टाळ्या थांबायच्या आत पुढच्या रांगेतून जमनाबाई उठल्या. दिसत नसल्यामुळे त्या भलतीकडेच तोंड करून बोलत होत्या. "प्रवीणप्पा, हसत नाही नाकारली. त्यांना हवी होती रे ही जागा. माझ्यासाठी हवी होती. तू परत विचारलंच नाहीस."

प्रवीणचा चेहरा खर्रकन उतरला. किरणकुमार शेजारीच हार घालून उभा होता. "अंकल, खरं का हे?" प्रवीणनं विचारलं, आणि या वेळी तो खरोखरच थांबला. माईक त्यानं व्यंकोजींच्या तोंडापाशी धरला. नुसतं हो म्हणायचं होतं.

व्यंकोजींनी किरणकुमारच्या गळ्यातल्या हाराकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं आणि ते हसले. "काही नाही हो. ही आपली काहीतरीच बोलते. वयच झालंय आता तिचं. सरी, ठीक आहे, पुढचा कार्यक्रम होऊ द्या."

लोक हसले. कुणीतरी पुन्हा टाळ्या वाजवल्या. जमनाबाई खाली बसल्या.

निघताना जिन्याशी व्यंकोजींनी नेहमीसारखा हात पुढं केला. जमनाबाईंनी तो बाजूला सारला आणि भिंत चाचपत, एकेक पायरी पायानं शोधत त्या एकट्या खाली उतरल्या.