मीटर जोडायला आलेला माणूस

त्याचं नाव मी विचारलं नाही, आणि आता विचारायची इच्छाही नाही. वेवजीकडच्या आमच्या पाड्यावर तो नळयोजनेचं मीटर जोडायला आला होता. टाकी उभी होती, नळ उभे होते, पाणी तेवढं नव्हतं.

टाकीखाली बसून त्याने पत्त्यांच्या कॅटाएवढा लिनक्स संगणक उघडला. प्रत्येक तार खोचण्याआधी तो तिच्यावर हळूच फुंकर मारायचा. मीटरचा आकडा संगणकात पोचत नव्हता. कारण त्यानेच मला दाखवलं. मीटरची तार जिथे खोचतात त्या सिरियल पोर्टवर लॉगिन चालू राहिलं होतं, त्यामुळे मीटरने आकडा पाठवला की संगणक उलट त्यालाच नाव आणि पासवर्ड विचारायचा. मला रेशन दुकानातलं अंगठ्याचं यंत्र आठवलं.

रिकामा हंडा घेऊन एक काकी थांबली होती. "दादा, पाणी कदी येल?"

"येईल काकी, आधी डेटा तर येऊ दे."

त्याने लॉगिन बंद केलं, मीटर आणि संगणकाचा आकडे पाठवण्या-घेण्याचा वेग जुळवला आणि एकदम ओरडला, "आला! शून्य आलं!"

"शून्य तं आमाला मीटरबिगर पण दिसतंय," काकी म्हणाली.

तो मनापासून हसला. त्याचं काम खरंच झालं होतं, त्याने खोटं काहीच केलं नव्हतं, आणि माझा संताप नेमका तिथेच आहे. पुढे आम्ही पाण्यासाठी कचेरीवर धडकलो, तेव्हा साहेबांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. पाड्याच्या नावापुढे हिरवा ठिपका होता. मीटर आकडा पाठवत होतं, म्हणजे योजना चालू.