ओरडला नाही म्हणून

प्लास्टरवाल्या मावशींनी इस्पितळाच्या प्लास्टर खोलीत एकतीस वर्षं काढली होती. मोडलेला पाय धरायचा, ओल्या पट्ट्या गुंडाळायच्या, सुकेपर्यंत माणसाला बोलण्यात गुंतवायचं. निवृत्त झाल्या तरी कोणी समोरून आलं की त्यांची नजर आधी पायांवर. "जरा चेहऱ्याकडे बघत जा लोकांच्या," सून वैतागायची. "चेहरे थापा मारतात," मावशी म्हणायच्या.

समोरच्या लाकडाच्या वखारीत राखणीला एक तपकिरी कुत्रा होता. सगळे त्याला हवालदार म्हणत. त्या सकाळी मावशी गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या, तेव्हा हवालदार तीन पायांवर फाटकाशी आला. मागचा डावा पाय पोटाशी धरलेला. मध्येच टेकवायला बघे आणि बोटं जमिनीला लागताच झटकन उचले. घोट्याच्या वर काळं काहीतरी करकचून बांधलेलं, खालचा पंजा सुजून दुप्पट.

मावशी तशाच खाली उतरल्या.

"काय झालं याला?"

"परवा फळ्यांची थप्पी घसरली पायावर," मोबाईलमधून मान वर न करता वखारीचा मालक म्हणाला. "मीच सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळली. दुखण्याची गोळीपण दिली, माझीच. मजेत आहे. ओरडतोय का बघा."

मावशींचं डोकं सणकलं.

"माणसाची गोळी कुत्र्याला? जीव घ्यायचाय का त्याचा? आणि ओरडत नाही म्हणजे दुखत नाही, हे कोणी सांगितलं तुला? माझ्याकडे जे गपगार यायचे, त्यांचीच हाडं जास्त मोडलेली असायची!"

"मावशी, कुत्रा आहे तो."

"मग मला काय घोडा वाटला?"

त्यांनी एका कामगाराच्या गळ्यातला रुमाल मागून घेतला आणि हवालदाराच्या तोंडाला सैलसर बांधला. स्वभावाने कितीही गरीब असला तरी दुखऱ्या पायाला हात लागल्यावर कुत्रा चावणारच. आधी धडधाकट पाय चाचपला, मग दुखरा. एक पंजा कोमट, दुसरा गार. खाली रक्तच पोचत नव्हतं. बोथट टोकाची कात्री मागवून त्यांनी पट्टी कापली. खाली कातडीत बोटभर रुंद, खोल वळ उमटला होता.

"ओढून हाड बसवू का?" कामगाराने विचारलं.

"हात लावशील तर याद राख! आहे तसाच राहू दे. एक रुंद फळी आण, त्यावर निजवून दवाखान्यात न्यायचा."

"नवी नको हं," मालक म्हणाला, "डाग पडतील."

मावशींनी थप्पीतल्या नव्या फळीकडे बोट केलं. कामगार गुपचूप नवीच फळी घेऊन आला.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी पायाचा एक्स-रे काढला. हाड मोडलं होतं, ते जुळणार होतं. पण पट्टीने रक्त अडलं होतं, त्यामुळे दोन बोटं काळी पडली होती. ती काढावी लागली. "फळ्यांनी केलं त्यापेक्षा बांधणाऱ्याने जास्त केलं," बाई म्हणाल्या. "त्याच दिवशी आणला असता तर..."

पुढचं मावशींनी ऐकलंच नाही. परत येऊन त्या वखारीच्या दारात उभ्या राहिल्या आणि गिऱ्हाइकांसमोर मालकाची अशी खरडपट्टी काढली की करवतवाल्याने करवत बंद केली. दोन दिवस! दोन दिवस हे जनावर याच्या डोळ्यांसमोर लंगडत होतं आणि याला वाकून बघावंसं वाटलं नाही!

हवालदार मावशींकडेच राहिला. महिन्याभराने, तो चारी पाय टेकवायला लागल्यावर, मालक साखळी घेऊन आला. "राखणीला कोणी नाही हो."

"तू बस की," मावशी म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

दार लावलं तरी त्या आतून मालकाला बोल लावतच होत्या. सुनेने पाणी आणून दिलं. "शांत व्हा आता. झालं गेलं."

"त्या मालकाचं नाही गेलं काही," मावशी म्हणाल्या. "याची बोटं गेली."