खंडेनवमीचं तेल प्यालेला फोम

अमरावतीच्या एका कॉलेजात रागिणी इंगोले कापसापासून कार्बनचा फोम करते. उन्हाळ्यात नवरा गेला, तेव्हापासून तिला काही वाटतच नाही. लोक म्हणतात, खंबीर आहे. कसली खंबीर! बधिर केलेला दात दुखत नाही, इतकंच.

कापसाचा लगदा गोठवायचा, त्यातला बर्फ निर्वातात उडवायचा, उरलेली जाळी हवा न लागू देता भट्टीत भाजायची. राहतो तो काळा तुकडा, जवळजवळ सगळा पोकळ. तुरीच्या फुलावर ठेवला तरी पाकळी वाकत नाही. दाबून सोडला की फुगतो, वीज वाहून नेतो, पाण्याला दाद देत नाही, पण तेल वजनाच्या कितीतरी पट पितो. सांडलेलं तेल टिपायला, बॅटरीत घालायला, उष्णता अडवायला कामी येईल म्हणतात. येईल तेव्हा खरं.

दसऱ्यानंतर पैसे देणाऱ्या संस्थेची समिती येऊन काम चालू ठेवायचं की नाही ते ठरवणार होती. बंद पडलं की रागिणीने सासूबाईंना घेऊन, खोली सोडून दर्यापूरला दिराच्या घरी जायचं. सगळ्या तुकड्यांत एकच न तडकता निघालेला. सुट्टीत प्रयोगशाळेत उंदरांचा सुळसुळाट, म्हणून तो तिने डबीत घरी आणला.

खंडेनवमीला सासूबाईंनी, म्हणजे पार्वताबाईंनी, पाटावर विळा, कात्री मांडली आणि डबी उघडून तो तुकडाही. हत्यारांना तेलाचं बोट लावायची त्यांची रीत. बोट टेकलं, तेल गायब. पुन्हा लावलं, पुन्हा गायब. मग त्यांनी पळीच ओतली.

"असं काहून केलं वो आई?"

"तुह्यं हत्यार हाय ना? मले वाटलं, तहानलं हाय."

रागिणीला ना राग आला, ना हसू. तिने तेल दाबून काढलं आणि आत उरलेलं पेटवून दिलं. असं करता येतं हे तिने फक्त वाचलं होतं. आच जास्त वेळ राहिली तर तुकडाही जळणार. ज्वाळा उठली, विझली. तुकडा जरा आक्रसला, पण दाबल्यावर वर आला.

समितीला तिने झालं ते सांगून टाकलं. खुशालराव नावाचे एक सदस्य खो खो हसले. "म्हणजे पुनर्वापराची चाचणी सासूबाईंनीच घेतली की, मॅडम!" त्यांनी पुन्हा तेल पाजलं, पुन्हा जाळलं. तुकडा टिकला. वर्षाची मुदतवाढ मिळाली.

तिने घरी फोन लावला. "आई, काम चालू राहिलं. दर्यापूरले जायचं नाही."

"बरं झालं वो माय! लवकर ये, जेवाले थांबली मी."

"येतो."

आनंद व्हायला हवा होता, हे तिला कळत होतं. तिने नवा कापूस भिजत घातला आणि घरी निघाली.