कौल पडायच्या आधी

त्या सकाळी मी वेल्ह्याजवळच्या पालीत, आमच्या देवीच्या देवळात उभी होते ती श्रद्धेनं नव्हे, रागानं. आई कौल लावायला आली होती, आणि कौलाविरुद्ध मी कॉलेजात असताना पत्रक लिहून वाटलं होतं. आमच्या घरात देवाच्या फोटोंपेक्षा बाबांनी छापलेल्या अंधश्रद्धाविरोधी पत्रकांचे गठ्ठे जास्त. त्यातच मी अक्षरं शिकले.

बाबा छातीत कळ येऊन गेले. दवाखान्यात न्यायला टेम्पो मिळेपर्यंत उशीर झाला होता. तेव्हापासून आईच्या छातीत अचानक धडधड व्हायची, हातपाय गार पडायचे आणि ती वेल्ह्याच्या दवाखान्यात धाव घ्यायची. दर वेळी ईसीजी चांगला यायचा, ती घरी यायची आणि आठवडाभरात पुन्हा तातडीच्या विभागाच्या बाकावर दिसायची. शेत सुटलं. घरात एकटं बसणंही सुटलं. माझ्या डोळ्यांदेखत आई भीतीत विरघळत चालली होती.

तिथल्या डॉक्टरांनी तिला कधी झिडकारलं नाही. एकदा तर स्टूल ओढून तिच्याजवळ बसले. म्हणाले, “मावशी, हृदय ठणठणीत आहे. पण भीती खरी आहे. भोरला दर गुरुवारी मनाचे डॉक्टर बसतात, तिथं दाखवा.”

बाहेर येताच आई कडाडली, “म्या येडी हाय व्हय? माणूस गेलंय माजं, डोकं न्हाई!”

मी बाबांचं मनाच्या आजारांवरचं पत्रक काढून वाचू लागले. तिनं हात वर केला. “वाचू नगं. त्यांचा आवाज येतो त्यातनं.” मग हळूच म्हणाली, “देवी म्हणली तर जाईन.”

म्हणून तो कौल. गुरवांनी देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आम्ही बसून राहिलो. पाकळ्या हलेनात. देवी मानत नसलेली मी मनातल्या मनात तिला विनवत होते, उजवी पाड गं बाई.

मागं वरच्या वस्तीवरची एक बाई बसली होती, शेळ्या राखणारी. तिला येता-जाता पाहिलेलं, पण ओळख नव्हती. तिनं आईला विचारलं, “काय इचारलंय देवीला?”

“भोरला मनाच्या डागदराकडं जाऊ का म्हून.”

“आगं बया! जाऊ का, हे काय इचारायचं? कुणासंगं जाऊ, ते इचारायचं. म्या जाते की दर गुरवारी. पोरगी गेल्यावर मलाबी असंच व्हायचं. दवाखान्यातला बाक पार झिजवला म्या.”

आई तिच्याजवळ सरकली. “मग तिथं काय करत्यात?”

“गोळी देत्यात. आन् एक ताई बसती, ती ऐकून घेती. घरातली ऐकत्यात व्हय? ही तुजी लेक तर नुसती फणफणतीया.”

आई हसली. बाबांनंतर पहिल्यांदाच. त्या दिवशी गुरुवारच होता. पदर खोचून ती उठली आणि त्या दोघी एसटीच्या थांब्याकडं निघाल्यासुद्धा. पाकळ्या तशाच होत्या.

आता दोघी मिळून भोरला जातात. धडधड अजूनही कधीतरी येते. मग आई उंबऱ्यावर बसते, छातीवर हात ठेवते आणि पाहुणीला म्हणावं तसं म्हणते, “आलीस? बस घटकाभर.” परवा बाजारात दवाखान्यातले डॉक्टर भेटले. “मावशी दिसल्या नाहीत बरेच दिवस,” म्हणाले, आणि केवढे खूश दिसले!

कौलाबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. पण त्या बाईला त्या सकाळी आमच्या मागं कुणी बसवलं, याला आमच्या कुठल्याच पत्रकात उत्तर नाही, आणि ते शोधायचा अट्टहास मी सोडून दिला आहे. हात जोडते, एवढंच.

पुढं कधीतरी गुरव म्हणाले, तुम्ही गेल्यावर पाकळी पडली होती. कुठली, ते आईनं विचारलं नाही. मीही नाही.