खंडेनवमीला हललेली जीप

कारखान्यातून निवृत्त झालो त्या दिवशी निरोपाच्या भाषणात एकाने माझ्या कानाचं कौतुक केलं. चाकणला असताना कसलेल्या मिस्त्रीला न सापडलेला जीपचा ठोका याने नुसता ऐकून शोधला, असं तो म्हणाला. टाळ्या पडल्या. ही गोष्ट माझ्या नातवंडांनाही पाठ आहे. ती खोटी आहे. तो ठोका मी शोधला नाही. तो कुठून येतो हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं.

पन्नासच्या दशकात मी चाकणच्या एका कांद्याच्या अडत्याकडे ड्रायव्हर होतो. लढाईनंतर लिलावात निघालेली लष्करी जीप शेठनी घेतली होती. स्टिअरिंग डावीकडे, म्हणून शेठ माझ्या उजव्या हाताला बसत. देह असा, की ते बसले की जीप त्या अंगाला झुके. तिचं सगळं काम चिंचवडचा एक मिस्त्री करी. एका वर्षी नवरात्रात अष्टमीला त्याने स्प्रिंगच्या पाट्यांच्या सांध्यांतले बूश बदलले.

"आता न्या कुठंबी राव," तो शेठसमोर मला म्हणाला. "आवाज आला तर मिशी उतरवीन."

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारं, वाहनं पुजायची, त्यांना विश्रांती द्यायची. मी जीप धुतली, झेंडूचा हार घातला, चाकांना हळदकुंकू लावलं. पूजा आटोपून शेठ सासुरवाडीला गेले, गडीमाणसंही घरोघर पांगली. जीप अडतीच्या मांडवाखाली उभी होती, आणि माझं लग्न होऊन जेमतेम वर्ष झालं होतं.

बायको कधी मोटारीत बसली नव्हती. मी तिला शेठच्या जागेवर बसवलं आणि महाळुंग्याच्या बाजूने माळावर निघालो. बाजरी कापून झाली होती. उन्हं कलली होती, गवताला सोन्याचा रंग होता आणि वाऱ्यावर ते असं हलत होतं, की आपण जमिनीवर नाही, पाण्यावरून चाललोय असं वाटावं. तिचा पदर उडत होता, ती एका हाताने तो धरी आणि पुन्हा सोडून देई. मी रस्त्याकडे कमी आणि तिच्याकडे जास्त बघत होतो. तशात ओढा आला आणि पाण्यातला धोंडा मला दिसला नाही. खालून धाडकन आवाज झाला.

"अवो, काय मोडलं?"

"काही नाही. धोंडा होता."

ती हसायला लागली. मीही हसलो. परत आल्यावर चाकांचं कुंकू धुऊन गेलेलं दिसलं. तिनेच घरून कुंकू आणून पुन्हा लावलं.

दसऱ्यानंतर शेठ जीपमध्ये बसले आणि निघोज्याच्या वाटेला खालून ठोका सुरू झाला. टक. टक-टक. धोंड्याने सायलेन्सरचा नळ वर ढकलला होता. उजवीकडे भार पडला की तो चॅसिसवर आपटे. मला ते तेव्हाच कळलं. शेठनी मिस्त्रीला बोलावून घेतलं.

"माझ्याच बुडाखाली वाजतंय रे! अष्टमीला तू हात लावलास, नवमीला गाडी हलली नाही. मग ही करणी कोणाची? वस्तरा आणू का?"

नवमीला गाडी हलली नाही. मांडवातल्या कुणालाही विचारा, त्याने शपथेवर हेच सांगितलं असतं. मिस्त्रीनेही तेच खरं धरलं आणि स्वतःच्याच कामात चूक शोधत बसला. बूश काढले, घातले, पुन्हा काढले. मी गाडी चालवायचो आणि तो शेठच्या जागेवर बसून, खाली वाकून कान द्यायचा. त्याच्या किरकोळ वजनाला जीप मुकाट चाले. शेठ बसले की टक-टक.

"भुताटकी हाय राव," तो हसून म्हणाला. मग हसणं थांबवून म्हणाला, "न्हाई. माझंच कायतरी चुकलंय."

त्या रात्री बायकोने विचारलं, "मिस्त्रींना सांगनार न्हाई का तुमी?" मी म्हणालो, सांगतो.

सांगितलं नाही. एका दुपारी मी पहार घेऊन जीपखाली शिरलो आणि नळ जागेवर आणला. वाटलं, आवाज गेला की मिस्त्रीही सुटेल. झालं उलटंच. आवाज कसा गेला असं शेठनी विचारलं, तेव्हा मी एवढंच म्हणालो, ऐकून ऐकून सापडला. शेठ गावभर सांगत सुटले, मिस्त्रीला जमलं नाही ते माझ्या ड्रायव्हरने केलं. पिंपरीला नवा कारखाना उभा राहत होता, तिथे त्यांनीच माझ्यासाठी शब्द टाकला. मिस्त्रीकडे चाकणच्या गाड्या जायच्या थांबल्या.

पुढे बऱ्याच वर्षांनी तो मला चिंचवडच्या बाजारात भेटला. राग दिसला नाही. बाजूला घेऊन त्याने एवढंच विचारलं, "राव, काय होतं वो ते? अजून डोक्यातनं जात न्हाई."

मी म्हणालो, "आठवत नाही आता."

तो गेल्याचं मला उशिरा कळलं. बायकोने पुन्हा कधी तो विषय काढला नाही, पण त्या संध्याकाळची गोष्टही तिने कधी मुलांना सांगितली नाही. सांगणार कशी? नवमीला जीप हललीच नव्हती ना. तीही आता नाही.

म्हणून लिहितो. खंडेनवमीला जीप हलली होती. मी हलवली होती. मिस्त्रीने बसवलेले बूश बिनचूक होते.